फळा स्मार्ट झाला, मग मुलं गप्प का?

ताई, नमस्कार.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेचं रूपच पालटलं. वर्गांत स्मार्ट बोर्ड आले, कोडिंग-रोबोटिक्सची लॅब झाली, थोडे टॅबही मिळाले. वाटलं होतं, आता मुलं भरभरून बोलतील. पण व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप. मध्येच थांबवून काही विचारलं तर तीच चार मुलं हात वर करतात. प्रकल्प दिला की सगळ्यांचे परिच्छेद सारखे, आणि हल्ली तर एआयनं लिहिलेलं गुळगुळीत इंग्रजी. गटात काम दिलं की एक जण करतो, बाकीचे बघत बसतात. आठवीत एक मुलगा आहे. कुठल्याही वर्गातला बोर्ड अडला की सगळे त्यालाच हाक मारतात, आणि तो केबल काढून-घालून दोन मिनिटांत चालू करून देतो. तासाला मात्र तोंडातून शब्द काढत नाही. मुख्याध्यापकांचं म्हणणं, बोर्ड रोज वापरला गेला पाहिजे. मी वापरतेही. पण मुलांनी नुसतं बघत न बसता वर्गात स्वतःची भर घालावी असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू?

– एक शिक्षिका, डिचोली

प्रिय टीचर,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात "मुलं आळशी झालीत" असं कुठेही नाही, हे वाचून फार बरं वाटलं. तुमची तक्रार मुलांबद्दल नाहीच, तासाबद्दल आहे. म्हणून मीही थेट तासाकडेच येते.

एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. उद्या आठवीतली वीस मुलं आली नाहीत तर तुमच्या तासाचं काही अडेल का? व्हिडिओ तेवढाच चालेल, बोर्डवरची आकृती तेवढीच रंगीत दिसेल, शेवटचे प्रश्न ती चार मुलं सोडवून टाकतील. म्हणजे तास त्या विसांवाचून पुरा होतो, आणि मुलांना हे आपल्याआधी कळलेलं असतं. लग्नघरात ज्या पाहुण्याला कुणी काम सांगत नाही तो कोपऱ्यात खुर्ची धरून बसतो. त्यालाच नारळ सोलायला बसवा, तासाभरात घरचा होऊन जातो. तुमचा तास असा आखा की मुलांनी काही आणलं नाही तर तो सुरूच होणार नाही. पुढे जे सांगते आहे ते सगळं याचाच तपशील आहे.

पावसाचं उदाहरण घेते. आपल्याकडे चार महिने तो फुकट मिळतो आणि तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या दारात पडतो. मुलं येतात कुठून कुठून: मये, कुडणे, हरवळे, साखळी, कदाचित पलीकडे मोर्ले-केरीकडूनही. प्रत्येकानं घरी पाऊस मोजायचा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून तोंडावर बसवायचा, झालं नरसाळं. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून तळाशी खडे घालून सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. पट्टी चिकटवायची. रोज सकाळी शाळेला निघताना उंची मिलिमीटरमध्ये वाचायची आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस नोंदतं. आपल्या मुलांची शाळा त्याआधीच भरते, तेव्हा सगळ्यांनी सातची वेळ धरली तरी हरकत नाही. वेळ सगळ्यांची एकच असली म्हणजे झालं.

वर्गात आल्यावर प्रत्येकानं आपला आकडा सामायिक तक्त्यात भरायचा. गूगल शीट चालेल, लॅबमधल्या संगणकावरची साधी स्प्रेडशीट चालेल, लाइट गेली असेल तर चिठ्ठीही चालेल. तक्ता बोर्डवर उघडला की आलेख समोर उभा राहतो आणि तुमचा तास तिथून सुरू होतो. हे आकडे जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत. कुडण्याच्या मुलीनं तिचा आकडा सांगितला नाही तर कुडण्याची जागा रिकामी राहते, आणि ती रिकामी जागा सगळ्या वर्गाला बोर्डवर दिसते. हात वर करायची हिंमत लागत नाही, इंग्रजी लागत नाही, पाठांतर लागत नाही. तरी वर्गाचं तिच्यावाचून अडतं.

खरी मजा पुढे आहे. समजा, एका मुलाचा आकडा रोज शेजारच्या मुलाच्या चौपट येतो. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर. अशा वेळी तुम्ही उत्तर सांगू नका. दोन्ही बाटल्यांचे फोटो मागवा, बोर्डवर शेजारी शेजारी लावा आणि वर्गाला बघू द्या. कुणीतरी म्हणेल, त्याची बाटली पागोळीखाली आहे. दुसरा म्हणेल, माडाखाली आहे. मग कुणाच्या तरी लक्षात येईल की त्यानं कापलेला तुकडा न वापरता आईचं स्वयंपाकघरातलं रुंद नरसाळं लावलंय. बाटलीचा व्यास ५ सेंटिमीटर आणि नरसाळ्याचा १० असेल तर पाणी गोळा करणारं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून उंचीही चौपट. क्षेत्रफळाचं ते सूत्र मुलांनी पुस्तकात पाहिलेलं असतं, पण त्याची गरज त्यांना या भांडणात पहिल्यांदा पडते. त्या मुलाचे आकडे खोडू नका. चारनं भागून ते वापरता येतात, हे वर्गालाच ठरवू द्या. चुकलेला आकडा घेऊन येणाऱ्यालाही या वर्गात किंमत आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसेल.

महिनाभराचे आकडे जमले की विचारण्यासारखं खूप काही निघतं. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस, ६४.५ पासून पुढे जोरदार आणि ११५.६ पासून पुढे अतिजोरदार. आपल्या गावात असे किती दिवस झाले? आदल्या दिवशीच्या इशाऱ्यात काय म्हटलं होतं? घाटाच्या पायथ्याकडे जावं तसा पाऊस वाढतो का, ते मुलं स्वतःच्या तक्त्यावरून शोधू शकतात, कारण मयेपासून केरीपर्यंतची सगळी गावं त्यांच्यातच वाटलेली आहेत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. यावरून प्रत्येकानं आपल्या छपरावर पडलेलं पाणी काढावं. ५० चौरस मीटरचं छप्पर आणि १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० लिटर. उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही तेव्हा हाच आकडा घरी चर्चेला येतो.

पाऊस हे निमित्त आहे. जमिनीचा तास असेल तर प्रत्येकानं आपल्या परसातली मूठभर माती आणावी. विजेचा असेल तर घरच्या बिलातले युनिट. ध्वनीचा असेल तर देवळातल्या घंटेचं रेकॉर्डिंग. एवढंच बघायचं की प्रत्येकाकडे असं काही असावं जे दुसऱ्याकडे नाही, आणि पुढचं काम त्यावर उभं राहावं.

गटात एकच जण काम करतो, या तुमच्या अडचणीचं उत्तरही इथेच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि वातावरण फार तापलेलं होतं. तिथे एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे पाडून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. परीक्षा सगळ्या धड्यावर. म्हणजे ज्याला बाकीचे हसायचे त्याचं म्हणणं आता लक्ष देऊन ऐकणं भाग पडलं, कारण तो तुकडा दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. आपण "पाच जण मिळून एक प्रेझेंटेशन करा" म्हणतो तेव्हा नेमकी ही गरजच काढून टाकतो. काम एकाला जमण्यासारखं असलं की ते एकच जण करणार. टॅब चार मुलांत एक असेल तर आणखी एक छोटा नियम ठेवा: टॅब ज्याच्या हातात, त्यानं स्वतःचं वाक्य लिहायचं नाही, शेजाऱ्याचं लिहायचं. लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं, सांगणाऱ्याला नीट सांगावं लागतं, आणि टॅब पाच मिनिटांनी पुढे सरकतो.

आता जरा नाजूक विषय. तुमच्या पत्रात "गुळगुळीत इंग्रजी" असा उल्लेख आहे. माझ्या मते मुलांच्या गप्पपणाचं मोठं कारण तिथे दडलेलं आहे. आपल्याकडे गावातलं मूल चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी शाळेत शिकतं. तिथे ते बडबडतं, भांडतं, गोष्ट सांगतं. पाचवीत हायस्कूलला आलं की एका रात्रीत सगळं इंग्रजी. विचार घरच्या भाषेत येतो, तो इंग्रजीत बसवेपर्यंत त्या चार मुलांपैकी कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असतं. असं वर्षभर झालं की मूल प्रयत्न सोडतं. मग घरी टॅब उघडून एआयला लिहायला सांगतं. त्यात लबाडी कमी आणि लाज जास्त असते. आपलं मोडकं इंग्रजी टीचरला दाखवण्यापेक्षा दुसऱ्याचं चांगलं इंग्रजी दाखवलेलं बरं, असा तो हिशेब असतो.

म्हणून तुमच्या तासात विचार करण्याची भाषा मोकळी ठेवा. प्रश्न टाकल्यावर आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी घरच्या भाषेत बोलायचं, मग लिहायचं, मग वर्गात सांगायचं. लिहिताना मराठी शब्द आला तर येऊ द्या. सगळ्यांचे विचार बोर्डवर आले की त्यांतली दोन-तीन वाक्यं वर्गानं मिळून इंग्रजीत करायची. परीक्षेसाठी लागणारं इंग्रजी तिथे पक्कं होतं, कारण त्यामागचा अर्थ आधीच मुलांचा स्वतःचा झालेला असतो. टाइप करायला वेळ लागतो अशा मुलांसाठी फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. तीही वापरू द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. तेव्हा कुणी हरकत घेतली तर तुमच्या हातात आधार आहे.

याला जोडून एक गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंगं ऐकली तेव्हा त्यांना दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट बघतात. हीच वाट तीन सेकंद किंवा जास्त झाली की मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतात, आणि ज्यांना शिक्षक मठ्ठ समजत होते त्यांच्यातलीही मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. वर्गात उभं राहून मोजून बघा, जीव घाबरा होतो. त्यातून दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला आणखी वेळ द्यायला हवा. स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ पुढे सरकण्याची घाई असते, म्हणून व्हिडिओ थांबवला की पडदा कोरा करा. हलतं चित्र समोर असलं की विचार तिकडेच ओढला जातो.

व्हिडिओबद्दल एवढंच की तो आधी लावू नका. आधी अंदाज लिहून घ्या. "बाटली अर्धी भरून फुंकली तर आवाज बारीक होईल की जाड?" सगळ्यांनी चिठ्ठीवर किंवा टॅबवर उत्तर द्यायचं, मग बघायचं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातली फुकट सिम्युलेशनं मराठीतही आहेत. तिथे मुलं स्वतः आकडे बदलून बघू शकतात. ती बोर्डवर तुम्ही चालवलीत तर तोही व्हिडिओच झाला. लॅबमध्ये मुलांच्या हाती द्या.

एआयचं काय करायचं? बंदीनं ते दप्तरातून घरी जाईल, एवढंच. पण ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वर्गाच्या तक्त्यातच आहे, त्यात त्याची मदत फार होत नाही. "कुडण्याला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस एकदम का घटला, आणि आपल्या बाटलीत काही बिघाड तर नव्हता ना?" हे त्याला कुठून कळणार? उलट मुलांना त्याचा तपासनीस करा. त्यानं डिचोलीच्या पावसाबद्दल काय लिहिलं ते बोर्डवर लावा आणि वर्गाला तक्ता घेऊन ओळीओळीनं तपासायला सांगा: हे बरोबर, हे चूक, हे आपल्याला सांगता येत नाही. मशीनला चूक ठरवण्याएवढा पुरावा आपल्या हातात आहे, हा अनुभव तेराव्या-चौदाव्या वर्षी मिळणं मला फार मोलाचं वाटतं. फक्त हे तुमच्या खात्यावरून, तुमच्या समोर करा. यांतल्या बहुतेक सेवांना वयाची अट असते आणि अठराच्या आतल्या मुलांना पालकांची परवानगी लागते.

तुमच्या त्या केबलवाल्या मुलाविषयी मी बराच वेळ विचार केला. तो आत्ताच शाळेला सगळ्यात उपयोगी पडणारा मुलगा आहे, आणि ते शाळेत कुठे लिहिलेलं नाही. त्याला उभं करून प्रश्न विचारू नका. "बोर्ड चालू होत नसेल तर काय काय बघायचं" अशी दोन पानांची मार्गदर्शिका त्याच्याकडून करून घ्या. टॅबवर फोटो काढायचे, प्रत्येक फोटोखाली एक ओळ, त्याला येईल त्या भाषेत. मग ती पानं सातवीच्या वर्गात द्या आणि त्याला सोबत न घेता त्यांना बोर्ड चालू करायला सांगा. जिथे ते अडतील तिथे त्याची ओळ अपुरी आहे. तो ती सुधारेल, पुन्हा देईल. लिहिणं, तपासणं, सुधारणं हे सगळं त्यात आलं, आणि निबंधाच्या वहीत त्यानं कधी केलं नसेल इतक्या मनापासून करेल. पुढेही तो वर्गात फारसा बोलला नाही तर चालेल. भर घालण्याचा बोलणं हा एकच मार्ग नव्हे. मात्र त्याला कायमचा केबलवाला करून ठेवू नका. पुढच्या वेळी मार्गदर्शिका दुसऱ्यानं लिहावी, आणि त्यानं पावसाचा आलेख काढावा.

कोडिंगच्या लॅबलाही हेच लागू आहे. आपल्या राज्यात २०२१ पासून सहावी ते आठवीसाठी कोडिंग-रोबोटिक्सची योजना आली, पण बऱ्याच ठिकाणी मुलं दिलेला नमुना जसाच्या तसा उतरवतात. त्याऐवजी आठवीच्या मुलांनी सहावीत जाऊन विचारावं, "तुम्हाला गणितातलं काय जमत नाही?" आणि त्यावर स्क्रॅच या मुलांसाठीच्या कोडिंग-भाषेत एक छोटा खेळ करून द्यावा. स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालतं. सहावीच्या मुलाला खेळ कळला नाही तर तो तोंडावर सांगतो, आणि आठवीचा मुलगा मुकाट्यानं दुरुस्त करतो. आपण सांगितलेली दुरुस्ती तो पुढच्या आठवड्यावर टाकतो, हेही तुम्ही पाहिलं असेल.

यंत्र मुलांच्या हाती देऊन त्यांच्याकडून काहीतरी घडवून घेण्याचा विचार संगणकाच्या फार आधीचा आहे. फ्रान्समधले सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात जखमी झाले, फुप्फुसं अधू झाली. शिक्षक म्हणून वर्गात मोठ्यानं सतत बोलणं त्यांना झेपत नव्हतं. १९२० च्या दशकात त्यांनी खेड्यातल्या आपल्या शाळेत हातानं चालवायचा छोटा छापखाना आणला. मुलं गावात फिरून यायची, पाहिलेलं लिहायची, अक्षरांचे खिळे जुळवून छापायची आणि ती पानं दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. तिकडून त्यांची पानं यायची. समुद्राकाठची मुलं डोंगराकाठच्या मुलांना विचारू लागली. तुमच्या शाळेला हे आज कितीतरी सोपं आहे. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या शाळेशी पावसाचे तक्ते बदलून घ्या. पलीकडे खरा वाचणारा आहे म्हटलं की मुलं शुद्धलेखनसुद्धा स्वतःहून तपासतात.

चवथीला, म्हणजे गणेशोत्सवात, तर तुमच्याकडे खजिनाच असतो. सत्तरी-डिचोलीच्या घरांत माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, काय काय बांधलं जातं ते आजीला माहीत, आईला थोडं कमी, मुलाला त्याहून कमी. कवंडाळ, आंबाडे, घागऱ्या, कांगण्या, सुपारीची शिपटी: प्रत्येकाचा फोटो, घरात म्हणतात ते नाव, कुठून आणलं, कधी फळतं, आणि दुसऱ्या गावात त्याला काय म्हणतात. वर्गानं मिळून हा कोश केला तर दोन-तीन वर्षांत तो तुमच्या तालुक्याचा ठेवा होईल. शास्त्रीय नाव खात्री झाल्याशिवाय लिहू नका. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजच्या प्राध्यापकांना दाखवा. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथे भर घालावी असं मुलांना वाटेल. पण तिथे प्रसिद्ध झालेला संदर्भ लागतो, आजीचं सांगणं चालत नाही. हे मुलांना आधीच समजावून सांगा, आणि आजीचं सांगणं तुमच्या कोशात तिच्या परवानगीनं, तिचं सांगणं म्हणूनच नोंदवा. कुठलं ज्ञान कुठे आणि कोणत्या पुराव्यावर मांडायचं, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

फोटो आणि गावांची नावं आली की एक काळजी घ्यायची. सार्वजनिक ठिकाणी काही टाकाल त्यात मुलाचं पूर्ण नाव, चेहरा आणि घराची खूण नको. गावाचं नाव पुरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना 'मूल' धरलं आहे, आणि त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हा मूळ नियम आहे. शाळेच्या लेटरहेडवर मराठीत सोपं पत्र काढा: काय गोळा करणार, कुठे ठेवणार, कोण बघणार. पालकसभेत वाचून दाखवा. एखाद्या घरातून नकार आला तर त्या मुलाची भर वर्गाच्या भिंतीवर राहील, तिथली किंमत काही कमी नाही. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी फोटो काढायला शाळेचा टॅब एक दिवस घरी देता येतो का, ते मुख्याध्यापकांना विचारा. फोन असलेल्यांचंच काम नजरेत भरेल अशी रचना अजिबात होऊ देऊ नका.

राहिले मुख्याध्यापक. त्यांचीही बाजू आहे: बोर्डावर पैसा खर्च झालाय, वरून विचारणा होते. २०१५ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेनं अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या कामगिरीवर अहवाल काढला होता. ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर मोठा खर्च केला होता, तिथे वाचन, गणित किंवा विज्ञानात लक्षात येण्याजोगी सुधारणा दिसली नाही. हे त्यांना वादासाठी सांगू नका. बोर्ड रोज चालू असण्याला नोंदवहीत जागा आहे, तशी "आज बोर्डवर मुलांचं काय आलं" यालाही एक रकाना मागा. आठवीच्या एका तुकडीत, एका घटकापुरती, गुण देण्याची थोडी मोकळीक मागा. मुलानं केलेली नोंद, त्यानं दुसऱ्याला केलेली मदत आणि स्वतःच्या कामात केलेली दुरुस्ती यांना अंतर्गत मूल्यमापनात काही गुण द्यायचे. नव्या धोरणातल्या प्रगतिपत्रकात मुलानं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन करावं असं म्हटलेलंच आहे.

सगळं एकदम सुरू करू नका. एक तुकडी, एक बाटली आणि एक तक्ता, एवढ्यावर जून-जुलै जाऊ दे. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं आकडा विसरून येतील, काही जण दारातल्या चिखलाकडे बघून अंदाजानं लिहितील. रागावू नका. अंदाजानं लिहिलेले आकडे आलेखावर उडी मारून वर येतात आणि मुलांचं लक्ष तिथे आपोआप जातं. त्या वेळी "हे कुणी लिहिलं?" असं विचारू नका. "या दिवशी मयेला खरंच एवढा पाऊस झाला का, कुणाला आठवतंय?" असं विचारा. पावसाळा संपला की तक्त्याची एक प्रत मला पाठवा. मला ती खरोखरच वाचायची आहे.

तुमची,
ताई